रिकामा तक्ता

डायलिसिस सेंटरमधल्या त्या बाईंना सगळे ताई म्हणत, डॉक्टरसुद्धा. कोणत्या पेशंटला कधी कोणतं मशीन, याचा तक्ता कॉम्प्युटरवर लावायचं काम त्यांचं. त्यासाठीची स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, त्यांनी स्वतः लिहिली होती आणि पोटच्या पोरीसारखा तिच्यावर जीव होता. महिन्या-दोन महिन्यांनी तिची वेणीफणी केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. चालत्या गाडीला खीळ घालायची हौस, दुसरं काय.

त्या सकाळी एक मशीन बंद पडलं, म्हणजे पाळ्या नव्याने लावणं आलं. ताईंची रीत ठरलेली होती. आधी तक्ता बाजूला उतरवून ठेवायचा, मग मूळचा रिकामा करायचा आणि बाजूच्यातलं पाहून पुन्हा भरायचा. एरवी स्क्रिप्ट एकेक ओळ उतरवून घेई. रविवारी ताईंनी ते लांबण छाटून एका ओळीवर आणलं होतं: ‘जुना = तक्ता’. त्यांनी तक्ता रिकामा केला आणि जुना उघडला. तोही रिकामा.

ताईंनी ती ओळ पुन्हा वाचली. प्रत झालीच नव्हती, त्याच तक्त्याला दुसरं नाव तेवढं मिळालं होतं. पोराला घरच्या नावाने हाक मारा की शाळेतल्या, येतं एकच पोरगं. वर स्क्रिप्टने सवयीप्रमाणे तो रिकामा तक्ता आधीच्या भरलेल्या फाइलवरच सेव्ह केला होता, म्हणजे तीही गेली.

काचेपलीकडे पेशंट त्या दिवशीची पाळी पुकारली जायची वाट बघत बसले होते. त्यांत ताईंचा धाकटा भाऊही होता, सुजलेले पाय लांब करून.

सिस्टर आत आल्या. “लावलात का तक्ता?”

“पुसला गेला. माझ्याच हातून.”

सिस्टरांनी कपाळावर हात मारला. डॉक्टर फोन उचलत नव्हते. “रिपोर्ट पाहून लावते मी, पण वेळ जाईल. तोवर मशीनं नुसती बसवून ठेवायची का? पहिल्या पाळीतलं कोणी आठवतंय? सांगा, लगेच घेते.”

ताईंना एकच ओळ पाठ होती. रोज तक्ता उघडला की डोळे आधी तिकडेच जात. भावाची पाळी दुपारची होती. ज्यांचं रक्त जास्त बिघडलंय ते आधी, असं डॉक्टरांनी लावलेलं. भावाला त्रास होता, पण धोका नव्हता. या खोलीत हे दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं. ताई ‘सकाळी’ म्हणाल्या असत्या तर कोणी शंकासुद्धा घेतली नसती. भाऊ काचेतून त्यांच्याकडेच बघत होता. ताईंना स्वतःचा राग आला, आणि उगाच त्याचाही आला.

“ताई, बोला लवकर.”

“एकाचंच आठवतं. भावाचं. दुपारी.”

सिस्टर रिपोर्ट ओढून कामाला लागल्या. ताई बाहेर जाऊन भावाजवळ टेकल्या.

“दुपार होईल रे तुला.”

“मशीन बंद पडलं म्हणून?”

“नाही. दुपारच होती. पण तक्ता पुसला गेला माझ्याकडून. तुझं नाव वर घालता आलं असतं.”

भावाने भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले.

“हे मला सांगायला नको होतंस, ताई.”