डॉली देशपांडेचं जेवण

अमेरिकेतल्या ट्रॉय गावातलं ते अपार्टमेंट सोडून बरीच वर्षं झाली. आम्ही तिघं तीन गावांना पांगलो. पण कुणीही कुणाला फोन केला की पाच मिनिटांत गाडी डॉलीवर येते, आणि दर वेळी एखादा किस्सा वाढलेला असतो. त्यातले खरे तेवढे सांगतो.

तिघं म्हणजे नागपूरचा अव्या देशपांडे, पुण्याचा शिरीष आणि मी. डॉली म्हणजे बोआ. अजगरासारखी सापीण, बिनविषारी, दोन हात लांब. अव्याच्या ऑफिसातल्या एकाचा जॉब गेला, तो बहिणीकडे राहायला निघाला. बहीण म्हणाली, "एकतर तू ये, नाहीतर साप!"

तो गेला. डॉली आमच्याकडे आली.

*

डॉलीचं खाणं म्हणजे फ्रोजन उंदीर. शिरीष कट्टर शाकाहारी. त्यानं फ्रीझरची वाटणी केली, "वरचा कप्पा उंदरांचा, खालचा माझ्या पराठ्यांचा."

अव्या म्हणाला, "लाइट गेले आणि वरचं वितळलं तर?"

शिरीषनं तत्काळ पराठे वर हलवले.

*

पण डॉली खाईचना. अव्या चिमट्यात उंदीर धरून "खा ना बाई!" म्हणायचा, ती तोंड फिरवायची. आठवडे गेले. पाठीचा कणा दिसायला लागला. अव्याचंही जेवणावरून मन उडालं.

एका रविवारी तो आईला फोनवर म्हणाला, "आई, ती काही खातच नाही गं!"

नागपुरात टीव्हीचा आवाज बंद झाला.

"कोण रे ती?"

"डॉली."

"अमेरिकन आहे?"

"साउथ अमेरिकन."

आईनं फोन बाबांकडे दिला.

*

शेवटी उशीच्या अभ्र्यात घालून डॉलीला प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेलं. तिथे पेशंटला मालकाचं आडनाव लावतात. रिसेप्शनवरची बाई भर हॉलमध्ये ओरडली, "डॉली देशपांडे!"

अव्या अभ्रा छातीशी धरून उठला. चेहरा मुलीच्या बापाचा.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हिला बघायला किती लोक येतात?"

"वीकेंडला पंधरा-वीस तरी," अव्या अभिमानानं म्हणाला.

"सगळे हातात घेतात?"

"फोटोपुरतं."

"तुम्ही जेवताना वीस लोक तोंडाकडे बघत बसले तर तुम्हाला जेवण जाईल?"

शिरीष म्हणाला, "आमच्याकडे लग्नात तसंच असतं."

त्यांनी सांगितलं, ती घाबरलीय. तिच्या काचेच्या टाकीत लपायला खोकं ठेवा, एक बाजू नीट उबदार करा, पाहुणे बंद. आणि उंदीर गार देऊ नका.

*

पाहुणे बंद केले. उंदीर गरम पाण्यात सोडला, पण तो कोरडा कसा करायचा ते अव्याला सुचेना. मग ज्यानं जन्मात अंडं हातात धरलं नव्हतं, तो शिरीष हेअर ड्रायर घेऊन आला आणि मान वळवून उंदीर कोरडा करत बसला.

डॉलीनं तो क्षणात ओढला! अव्या रडला.

शिरीष आंघोळीला गेला. बाहेर येऊन म्हणाला, "अजून एक गरम करू?"

*

आणि दोनच दिवसांत बर्फाचं वादळ आलं. लाइट गेले, हीटिंग बंद. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, पोट भरलेलं असताना गारठली तर अन्न आतच सडेल, आणि फार हलली तर खाल्लेलं ओकून टाकेल. गावातच राहणाऱ्या जोशी काकूंकडे फायरप्लेस होती. अव्यानं डॉलीला स्वेटरवर गुंडाळलं, वरून जॅकेटची चेन लावली. मी गाडी बैलगाडीच्या वेगानं नेली.

डॉली वाचली, आधीच सांगतो. पण किस्सा तो नाही.

काकूंना डॉलीबद्दल कुणी सांगितलं नव्हतं. अव्या फायरप्लेससमोर पुतळ्यासारखा बसला. काकूंनी पानं घेतली.

"अवी, जॅकेट काढ की."

"नको काकू."

"मग जेवायला तरी ये."

"नको काकू."

काकूंचा चेहरा पडला. "माझ्या हातचं आवडत नाही का रे?"

शिरीषला राहवेना. "काकू, तसं नाही. त्याला हलायची बंदी आहे."

"अगं बाई! पाठ धरली का?" म्हणत काकू वरणभाताचं ताट घेऊन त्याच्यापुढे खाली बसल्या, घास कालवला आणि म्हणाल्या, "आ कर."

जॅकेटच्या गळ्यातून डॉलीनं डोकं वर काढलं.

काकूंचा हात हवेतच राहिला. काकूंनी डॉलीकडे पाहिलं, अव्याकडे पाहिलं.

"आधी कोण?"