त्रेचाळिसावं गवत

नव्वदचं दशक सरताना धाकटी बहीण गढवालच्या उंच कुरणांत गवतं गोळा करायला गेली आणि कड्यावरून घसरून गेली. वर्तमानपत्रांत दाबलेलं तिचं गवत आईला डोळ्यांसमोर नको होतं, म्हणून मी ते कतारला, दोह्यातल्या अल मन्सूरा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये आणलं. लग्नाआधी मी वनस्पतिशास्त्र शिकवायचे. तिच्या सरांनी स्पष्ट कळवलं होतं: गवतं ओळखून चिठ्ठ्या लावा, कॉलेजच्या संग्रहात तिच्या नावाने राहतील, बिननावाचं आम्ही ठेवत नाही. म्हणजे टाकून देतात. माझ्या बहिणीचे कष्ट काय केरात जाणार? मी जिवंत असताना नाही!

शुक्रवारी सकाळी नवरा बाजारात गेला की मी भिंग घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसायचे. बाहेर रखरखाट, आत एसी, आणि कागद उलगडला की ओल्या मातीचा वास. वाळक्या गवताला कुठला आलाय ओला वास? पण यायचा. "ताई, भिंग डोळ्याला चिकटव, गवताला नाही," असं ती मागून म्हणायची. मी वळून बघायचे नाही. भीती वाटायची, खोटं कशाला बोलू!

फेस्टुका, पोआ, डॅन्थोनिया करत करत बेचाळीस ओळखली. नवरा विचारायचा, "झालं का खलास?" मी म्हणायचे, "एक राहिलंय."

त्या एकाने माझा अंत पाहिला. गवत तुऱ्यावरून ओळखतात, याला तुराच नव्हता. गवत मुळासकट खणून घेतात, याला मुळं नव्हती. पाती पिळवटलेली, मध्येच तुटलेली. कागदावर तिच्या हातचा क्रमांकही नाही. असलं गबाळं काम ती करणं शक्यच नव्हतं. मी चिडून तिच्यासोबत गेलेल्या मैत्रिणीला पुण्याला फोन लावला. "हे असलं कसलं गं गोळा केलंत?"

ती म्हणाली, "ताई, आम्ही खाली उतरून पोचलो तेव्हा ते तिच्या मुठीत होतं. टाकवेना, म्हणून मीच कागदात घातलं."

बेचाळीस मी सरांना पाठवली, तिच्या नावानिशी. ते एक ठेवून घेतलं. पानाच्या बुडाशी असलेला पापुद्रा शाबूत होता, त्यावरून ओळखता आलं असतं. मी भिंग उचललं नाही. नाव कळलं असतं तर जन्मभर त्याला नाव घेऊन विचारत राहिले असते: मेल्या, एवढीशी पोर तुला पेलली नाही?