चिंचेने धुतलेला सुळा

“काकू, पुसू नका! आता हातसुद्धा लावू नका,” मी जरा जोरातच बोललो. ओढणीने सुळा पुसणाऱ्या काकू दचकल्या.

शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात आमचं रिस्टोरेशनचं वर्कशॉप आहे. जुन्या वस्तू दुरुस्त करतो, नव्या बनवत नाही. काकू दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समधून मुलाला, निखिलला घेऊन आल्या होत्या. त्यांचे यजमान जहाजावर कॅप्टन होते. महिन्यापूर्वीच गेले.

सुळा वॉलरसचा. वॉलरस म्हणजे बर्फाळ समुद्रातला, दोन लांब सुळ्यांचा अवाढव्य प्राणी. पूर्वी खलाशी रिकाम्या वेळात अशा सुळ्यांवर सुईने चित्रं कोरत आणि रेघांत काजळी किंवा शाई भरत. या कलेला स्क्रिमशॉ म्हणतात. कॅप्टनसाहेबांनी लांबच्या सफरींत हाच नाद केला होता. एक जहाज, आणि शेजारी काकूंचा चेहरा.

आता सुळा पांढराफटक होता.

“तेराव्याला माणसं येणार होती,” काकू म्हणाल्या. “त्यांच्या फोटोपुढे ठेवायचा होता. पिवळा पडलेला, म्हणून देवाच्या भांड्यांबरोबर चिंचेत घातला. काथ्याने चांगला घासला.”

पितळेला चिंच चालते. सुळ्याचा वरचा थर मात्र आंबटाने विरघळतो. मी दिवा आडवा धरून भिंगातून पाहिलं. जहाजाच्या रेघा खोल होत्या, त्या सापडल्या. चेहरा त्यांनी फार हलक्या हाताने कोरला असणार. तिथे काहीच उरलं नव्हतं. इतकी वर्षं हे काम करतोय, पण त्या दिवशी भिंगातून डोकं वर काढवेना.

निखिलने मला बाजूला घेतलं. “आईचा जुना फोटो देतो. तसाच कोरून टाका ना, प्लीज. शी वोन्ट इव्हन नो.”

“ते माझं काम होईल, बाबांचं नाही. आधी आईला विचार.”

काकूंनी ऐकलं होतं. “नको रे. फोटोत मी आहेच. यात मी त्यांना कशी दिसायचे ते होतं,” त्या म्हणाल्या. मग अगदी हळू, “आणि ते मीच घासून काढलं.”

 

जहाजाच्या रेघांत शाई भरून दिली. शेजारची जागा कोरीच ठेवली.

हल्ली कुणी जुनी वस्तू घेऊन आलं की मी आधीच सांगतो: मऊ, कोरड्या फडक्याने पुसा. पिवळी दिसली तर दिसू द्या.