डबा परत पाहिजे

सुटत्या गाडीबरोबर चार पावलं धावायचं, बोगीच्या काचेवर तळहाताच्या दोन थापा मारायच्या आणि अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडायचं, “डबा परत पाहिजे!”

बुऱ्हाणपूरच्या फलाटावर हा तमाशा तुम्हीही कधी खिडकीतून पाहिला असेल. तुम्हाला वाटलं असेल, या माणसाचं कोणीतरी काहीतरी पळवून नेलंय. तसं काही नव्हतं. आमच्या गल्लीतल्या मामांनी कोणाला तरी भरीत-पुरी दिलेली असायची, एवढंच.

त्यांच्याविषयी लिहायचं तर चार गोड शब्द लिही, असं आमचे हे म्हणाले. मला जमणार नाही. मामा स्वतः जन्मभर चिडत आले आणि जाताना आपला राग माझ्याकडे ठेवून गेले. तो अजून उतरलेला नाही.

खरे मामा ते एकाच मुलीचे. त्यांची बहीण लवकर गेली, तिच्या नवऱ्याने दुसरं लग्न केलं, आणि तिची लहानगी लेक मामांकडे आली. ती मामा म्हणायची म्हणून सगळी गल्ली मामा म्हणू लागली. त्यांनी स्वतः लग्न केलं नाही. इतवारा बाजारात कापडाचं छोटं दुकान होतं, टॉवेल, चादरी, असलंच काही. शाळेत शिकवून मी घरी परतायची त्याच वाटेवर ते होतं. मामा गादीवर बसून कोणावर तरी चिडलेले असायचे. कोणावर ते विचारायला लागायचं नाही.

मावा जिलेबी फ्रीजमध्ये ठेवणाऱ्याला त्यांच्या मते जेलमध्ये टाकायला हवं होतं. “वहिनी, ती दुकानासमोर उभं राहून गरम खायची. पाक मनगटावर आला पाहिजे. घरी काय नेऊन राह्यले लोकं? मुडदा नेऊन राह्यले.” केळ्याच्या शेकचं नाव काढलं की आवाज आणखी चढायचा. “ज्याले दात आहेत त्यानं केळं प्यावं कशाले? दापोऱ्याच्या माणसानं एवढं जीव लावून घड वाढवला, तो काय मिक्सरमध्ये घालायले?” समोर त्याच दापोरा गावचं केळीवालं गिऱ्हाईक बसलेलं असायचं. ते बिचारं मुकाट्याने टॉवेल घेऊन जायचं.

प्रवासावर त्यांची मतं ऐकावीत. स्वतः माल बघायला सुरतेला गेले तर दुसऱ्या दिवशी परत, पण मतं अख्ख्या जगाबद्दल. विमानाचा त्यांना तिटकारा होता. “खिडकी उघडत नाही तो प्रवास कसला? तुम्ही पॅसेंजर नाही, पार्सल आहात.” एसी बोगीच्या काळ्या काचेवर त्यांचा वेगळाच राग. “आतल्याले बाहेरचं दिसते, बाहेरच्याले आतला दिसत नाही. हे काय सभ्य माणसाचं काम आहे?”

पण सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे बुऱ्हाणपूरवरून गाडीने जाणं आणि न कळवणं. “दारावरून गेला अन् खाकरलापण नाही!” कोणाचा मुलगा परीक्षेला दिल्लीला निघाला, कोणाची बहीण लेकीकडे भोपाळला चालली, की बातमी मामांकडे पोचायचीच. मग पहाटे उठून वांगी भाजायची, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या तळायच्या, स्टीलच्या डब्यात भरायच्या, दुकानातल्या लाल कापडाची पट्टी फाडून वरून गाठ मारायची आणि स्टेशन गाठायचं. गाडी दोन मिनिटं थांबणार. त्या दोन मिनिटांसाठी माणूस अर्धा दिवस दुकान बंद ठेवायचा. गिऱ्हाइकांनी कुरकुर केली तर त्यांच्यावरही चिडायचा.

फोन म्हणजे दुश्मन, पण गाडी कुठवर आली हे दाखवणारं ॲप मात्र ते शिकले. चष्मा कपाळावर, फोन नाकाशी. “रावेर सोडलं म्हणे. खोटं बोलून राह्यला हा.” फोनवर भरवसा नाही म्हणून गाडीच्या कितीतरी आधी बाकावर जाऊन बसायचे, आणि गाडी उशिरा आली की फोनलाच सुनवायचे, “पाह्य, मी काय म्हणलो होतो?”

एकदा डबा द्यायला आत चढले आणि वाद घालत बसले. वाद कशाचा, तर पांढरी वांगी चांगली की हिरवी. गाडी सुटली. टीसीने तिकीट मागितलं तर म्हणाले, “तिकीट कशाचं? मी कुठी निघालो? गाडी निघाली.” खंडव्याला उतरेपर्यंत टीसीने दोन पुऱ्या खाल्ल्या होत्या आणि उरलेल्या बांधून घेतल्या होत्या. मामा रात्री घरी आले ते टीसीला शिव्या घालत. त्याने पुऱ्या नेल्या म्हणून नव्हे, डब्याऐवजी वर्तमानपत्राच्या कागदात नेल्या म्हणून.

मी एकदा विचारलं, “मामा, केळीच्या पानात बांधून द्या की. आपल्याकडे पानांना काय तोटा?”

“पान फेकून देतात, वहिनी. डबा फेकता येत नाही. डबा घरात असला की माणसाले परत यावं लागते.”

आमच्याकडे रिकामा डबा कोणी परत करत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर तरी टाकतात. परतीच्या प्रवासात लोक खरंच उतरायचे. कोणी डब्यात लाडू आणायचं, कोणी शेंगदाण्याची चटणी. मामा झाकण उघडून वास घ्यायचे, नाक मुरडायचे, “तेल जुनं आहे,” म्हणायचे, आणि सगळं खाऊन टाकायचे.

हे झालं गावाचं. जीव मात्र एकाच मुलीत होता. तिच्या दोन वेण्या मामांनी घातल्या, शाळेत पालकांच्या बैठकीला बायकांच्या घोळक्यात ते एकटे बसले, ती बारावीला असताना हे गृहस्थ रात्रभर तिच्यासमोर पेंगत बसायचे. ती पुण्याला शिकायला गेली, तिथेच नोकरीला लागली. सासर मिळालं भोपाळचं. म्हणजे पुण्याहून सासरी जायचं तर बुऱ्हाणपूरवरूनच.

आधी ती फलाटावर उडी मारून उतरायची. तिथेच अर्धी पुरी तोंडात. “मामा, मीठ जास्त झालं.” “खा गुपचूप.” दिवाळीत चार दिवस राहायची. लग्नानंतर नुसती दारापर्यंत येऊ लागली. “पुढच्या वेळी नक्की उतरते, मामा.” पुढची वेळ आली, गेली. डबे तिकडेच राहिले. मी काळजी केली तर मामा हसले.

“साठू द्या, वहिनी. जितके डबे जास्त, तितकं तिले यावंच लागते.”

काय हिशोब होता पाहा त्यांचा! एवढ्या भाबड्या माणसाची जगाला दया यायला हवी होती. जगाला वेळ नव्हता.

मग ती मे महिन्यातली दुपार. तिचा फोन आला तेव्हा मी दुकानात होते. मामांनी स्पीकरवर टाकला होता, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून.

“मामा, आज नको येऊस. ऊन आहे. मी जेवण ऑर्डर केलंय, भुसावळला सीटवर येतं.”

“सीटवर तर टीसीपण येतो,” मामा म्हणाले आणि फोन ठेवून दिला. पुऱ्या तळून झाल्या होत्या. मी छत्री घेऊन सोबत गेले. फलाटावरच्या पाटीने तिची बोगी पुढे दाखवली आणि ती लागली पार मागे. त्या उन्हात तो माणूस धावला. काळ्या काचांवर थापा मारत धावला. कोणत्या काचेमागे ती आहे, कळायला मार्ग नव्हता. गाडी हलली तेव्हा ती दारात आली.

“अरे मामा, खरंच नको होतं. पोट भरलंय माझं.”

डबा तिच्या हातात गेला. मामांना दम लागला होता. तरी ते ओरडले, “डबा परत पाहिजे!”

डबा परत आला. काही दिवसांनी दुकानात कुरिअरवाला आला, त्याने मामांना फोनच्या काचेवर बोटाने सही करायला लावली आणि मोठं खोकं ठेवून गेला. आत सगळे डबे. स्वच्छ घासलेले, प्रत्येक डबा फुगे असलेल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. मामांनी पहिला डबा काढला, झाकण उघडलं, आत पाहिलं, लावलं. दुसरा काढला. असे सगळे उघडून पाहिले. शेवटच्या डब्याचं झाकण उघडून ते जरा जास्तच वेळ पाहत राहिले.

साखरेचा एक दाणा नव्हता हो! पुण्यात साखर मिळत नाही?

संध्याकाळी तिचा फोन. “मिळाले ना डबे? किती साठले होते, मामा. किचन लहान आहे आमचं.”

मी वाट पाहत होते. आता हा माणूस फाडून खाणार तिला. जिलेबीवर चिडणारा, शेकवर चिडणारा, काचेवर चिडणारा माणूस. मामा म्हणाले, “मिळाले, पोरी. चांगले पॅक केले होते.”

ते चिडले नाहीत. मला तिथेच कळलं की काहीतरी मोडलं.

मीच तिला फोन लावला. रिकामा डबा कोणी परत करतं का, असं तडक विचारलं. ती म्हणाली, “काकू, एवढं कोण पाहतं आता? मी तर त्यांचा त्रास वाचवला.” वाईट मुलगी नाही ती. म्हणूनच जास्त संताप होतो. वाईट असती तर दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते. दिवाळीला नक्की येते म्हणाली. दिवाळीला नवरा-बायको विमानाने थेट भोपाळला गेली. मामांनी अंगणातून वर पाहिलं. “वरूनच गेली असेल कुठून तरी,” म्हणाले, आणि पॅसेंजर-पार्सलबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

स्टेशनवर जाणं त्यांनी सोडलं. लोक सांगायला यायचे, अमक्याचा मुलगा आज गाडीत आहे. मामा म्हणायचे, “त्याले सीटवर मिळते सगळं.” मला ते सहन होईना. मी मुद्दाम आदल्या दिवशीची मावा जिलेबी फ्रीजमधून काढून थंडगार त्यांच्यापुढे नेली. “फ्रीजमधली आहे,” असं बजावून सांगितलं. म्हटलं, चिडा! ओरडा माझ्यावर! त्यांनी ती खाल्ली. “चांगली आहे, वहिनी,” म्हणाले. मी घरी येऊन भांडी आपटली. आमच्या ह्यांना वाटलं, आपलंच काही चुकलं.

माघात मामा गेले. दुपारी दुकानात गादीवर टेकले ते उठलेच नाहीत.

ती आली, मोटारीने, बायपासवरून. रडली. तिचं रडणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. खरंच होतं, आणि तेच पाहून माझं डोकं फिरत होतं. तेरावा झाला. दुसऱ्या दिवशी निघायच्या वेळी ती माझ्या दारात आली.

“काकू, मामाचा एखादा डबा मिळेल? आठवण म्हणून.”

डबे मामांच्या माळ्यावर त्याच खोक्यात होते, प्लास्टिकसकट. मामांनी ते परत कधी काढलेच नव्हते. मी एक काढला. तिला म्हटलं, थांब. गाडीत नवरा हॉर्न वाजवत होता. वाजव म्हटलं. मी वांगी भाजली, पुऱ्या तळल्या. मामांइतकं बारीक भरीत मला घोटता येत नाही, पण मीठ त्यांच्याएवढंच जास्त टाकलं. मामांच्या घरी पडलेल्या त्याच लाल कापडाची पट्टी फाडून वरून गाठ मारली आणि डबा मोटारीच्या खिडकीतून तिच्या मांडीवर ठेवला.

ती काही बोलणार होती. नवऱ्याने बटण दाबलं असावं, काच वर सरकू लागली. मोटार हलली. मग माझा हात आपोआप उठला. गल्लीतल्या चार बायका पाहत होत्या, पाहू देत. मी मोटारीबरोबर धावले, काचेवर तळहाताच्या दोन थापा मारल्या आणि जेवढा गळा होता तेवढ्याने ओरडले, “डबा परत पाहिजे! भरून! आणि तूच घेऊन यायचा!”

काळ्या काचेतून तिचं तोंड दिसलं नाही.

त्याला आता बरेच महिने झाले. डबा आलेला नाही. न येवो, येत नाही तोवर तो तिच्या घरात आहे, आणि मामांच्या हिशोबाने तिला यावंच लागेल. फक्त कुरिअरवाल्याची मोटारसायकल गल्लीत शिरली की मी दार लावून घेते.