उघड्या बर्फावरचा कप्तान

ओरेस्ट बोइचुक मुळात कमी बोलायचा. हार्टवेल गावाच्या आइस हॉकी संघात तो अकरा हंगाम बचावाला खेळला, आणि एवढ्या वर्षांत रेडिओवर सामन्यांचं वर्णन करताना मी त्याचं नाव घेतलं ते बहुतेक एकाच कारणानं: समोरून आलेला फटका त्यानं अंगावर घेतला. कधी पोटरीवर, कधी बरगडीवर, एकदा सरळ तोंडावर. त्यात पुढचे दात गेले. सामन्याआधी तो कवळी काढून कॉफीच्या मगात ठेवायचा, आणि त्याचा बचावातला जोडीदार ड्युएन मॅकॅस्किल दर वेळी त्या मगात कॉफी ओतायला जायचा. "साखर किती घेतात रे तुझे दात?" हा त्याचा ठरलेला प्रश्न.

वरच्या लीगचं बोलावणं ओरेस्टला कधी आलं नाही. ते येणार नाही हे त्याला विशीतच कळलं होतं आणि त्याबद्दल कुरकुर करताना मी त्याला ऐकलं नाही. उन्हाळ्यात तो वडिलांच्या शेतावर गव्हाची कापणी करायचा, हिवाळ्यात आमच्याबरोबर बसमधून कॅनडातलं अर्धं अल्बर्टा पालथं घालायचा. चौतिसाव्या वर्षी त्याला कप्तान केलं. सत्काराला त्याचे वडील, म्हातारे स्टेफान, आले होते. ते एवढंच म्हणाले, "छताखाली खेळतात. मला काही पटत नाही. पण बरं झालं."

स्टेफानना छताखालची हॉकी खरंच पटत नसे. ओरेस्ट लहान असताना ते शेतामागच्या तळ्यावरचं बर्फ खरवडायचे, बादल्यांनी पाणी ओतून गुळगुळीत करायचे, आणि पोरगा अंधार पडेस्तोवर तिथेच. त्यामुळे क्लबचे मालक पेंडर यांनी जेव्हा जाहीर केलं की जानेवारीतला एक सामना बाहेर, गावाच्या फुटबॉल मैदानावर, उघड्या आभाळाखाली होणार, तेव्हा ओरेस्टनं पहिला फोन वडिलांना लावला. आमच्या बंदिस्त रिंकमध्ये चार हजार माणसं मावत. मैदानावर पंचवीस हजार येणार होती. गावात दुसरा विषयच उरला नाही.

आदल्या दिवशी दुपारी सराव झाला. उणे अठरा, वारा नाही, बारीक हिम भुरभुरत होतं. एरवी सराव संपला की पोरं गरम पाण्याखाली पळतात. त्या दिवशी कुणी हलेना. तिशी ओलांडलेले गडी शाळा सुटल्यासारखे ओरडत होते. पक, म्हणजे ती रबराची चकती, रिंकभोवतीच्या फळीवर आदळली की छताखाली कानठळ्या बसतात. इथे आवाज वर जाऊन विरून जायचा. ओरेस्ट मान वर करून, तोंड उघडं टाकून मैदानाला फेऱ्या मारत होता. माझ्यासमोर थांबला आणि म्हणाला, "लिंडन, मी हे विसरलोच होतो रे. वर काहीच नसतं."

त्याच्या तोंडून असं वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घराबाहेर आलो तर पश्चिमेला डोंगरांवर ढगांची कमान चढली होती आणि तिच्याखाली निळ्या आभाळाची पट्टी. शिनूक. आमच्याकडचं लहान मूलही ती कमान ओळखतं. डोंगरावरून उतरणारा हा कोरडा, गरम वारा दोन-चार तासांत हिवाळ्याचा उन्हाळा करून टाकतो. गाडीपर्यंत जाईपर्यंत पन्हळी ठिबकायला लागल्या होत्या. शिनूक आला की दर वेळी होतं तसं माझं डोकं एका बाजूनं ठणकायला लागलं.

दुपारी मैदान गच्च भरलं. लोकांनी कोट काढून कमरेला बांधले होते. बाप्ये नुसत्या सदऱ्यानिशी बसले होते, सॉसेजच्या रांगा लागल्या होत्या, बँड वाजत होता. "काय नशीब बघा, एवढी छान हवा!" असं जो तो म्हणत होता. बर्फाखालून गारव्याच्या नळ्या फिरवल्या होत्या आणि त्यांचं यंत्र स्टँडमागे एकसारखं घरघरत होतं. मला बसायला दिलेली खोली इतकी उंचावर आणि लांब होती की रिंक काडेपेटीएवढं दिसत होतं. पक तर दिसतच नव्हता. खेळाडूंच्या माना जिकडे वळतील तिकडे तो असणार असं धरून मी बोलत होतो.

सुरुवात झाली आणि पहिल्या काही मिनिटांतच मला काहीतरी चुकतंय असं वाटायला लागलं. खेळाडूंच्या मागे पाण्याचे फवारे उडत होते. पक सरकायच्या ऐवजी अडखळत होता. ऊन स्टँडमधल्या फटीतून तिरपं येऊन आमच्या गोलीच्या, म्हणजे गोलरक्षकाच्या, डोळ्यांत शिरत होतं; त्यानं डोळ्यांखाली काजळ फासलं होतं तरी तो हात आडवा धरून उभा होता. वारा मधूनच असा झोत मारायचा की जाळीसकट गोल हलायचा.

मग पाहुण्यांचा एक खेळाडू कडेच्या फळीजवळ वळला आणि नाहीसा झाला. म्हणजे मला तसं वाटलं. तो पडला होता, घसरत जाऊन फळीला डोकं आपटलं होतं. उठला, कपाळावरून रक्त येत होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माणसं हिम आणि पाणी घेऊन धावली, बर्फातली खाच बुजवली, तिच्यावर अग्निशामकाच्या नळकांड्यातला गार धूर मारला. सामना पुढे सुरू.

दुसऱ्या सत्रात त्याच जागी ड्युएन पडला. दोन्ही पाय वर, पाठीवर. उठून त्यानं लोकांना वाकून नमस्कार केला आणि पंचवीस हजार माणसं हसली. ओरेस्ट हसला नाही. तो त्या जागी गुडघ्यावर बसला, हातमोजा काढला आणि खाचेत बोटं घातली. मनगटापर्यंत हात ओला करून बाहेर काढला.

रेफरीनं दोन्ही कप्तानांना बोलावलं. फळीशी पेंडरही आले. पुढचं मला ड्युएननं सांगितलं. तो बाजूलाच उभा होता.

रेफरी म्हणाला, "खेळण्यालायक आहे असं मी म्हणेन. पण तुम्हा दोघांची तयारी असेल तरच."

पाहुण्यांचा कप्तान म्हणाला, "गाव तुमचं. तू म्हणशील तसं, बोइचुक."

"खेळायचं," पेंडर म्हणाले. "ह्यात विचारायचं काय आहे? जरा वर बघ, ओरेस्ट. ही माणसं बघ. पुन्हा कधी येणार आहेत एवढी?"

"मी खाली बघतोय," ओरेस्ट म्हणाला.

"अरे बोइची, चल ना," ड्युएन म्हणाला. "मी पडलो ना? मेलो का? मला तर मजा आली."

"तू पाठीवर पडलास. मानेवर पडला असतास तर?"

"तर काय! तर तू आहेसच की माझं जेवण भरवायला."

ओरेस्टनं त्याच्याकडे बघितलं, मग हातमोजा परत घातला. "नाही. आम्ही खेळणार नाही."

तो वळला आणि बाहेर निघाला. मग गोली निघाला, मग एकेक करून सगळे, सर्वांत शेवटी ड्युएन. लोकांना वाटलं मध्यंतर झालं. सामना थांबवल्याचं ध्वनिक्षेपकावरून सांगितलं तेव्हा मैदानात जो आवाज उठला तो मी आयुष्यात परत ऐकू नये. बर्फावर पेले येऊन पडले, मग सॉसेज, मग कुणाचा तरी बूट. मी माइकवर काय बोललो ते मला आठवत नाही. वारा मात्र तसाच वाहत होता, गरम, एखाद्या जनावराच्या श्वासासारखा.

मार्चमध्ये ओरेस्टची कप्तानकी गेली, मेमध्ये संघातली जागा. पेंडरनी कारण वयाचं दिलं. धान्याच्या कोठारावर त्याला काम मिळालं. त्याची बायको लॉर्ना किराणा आणायला पलीकडच्या गावी जायला लागली, कारण आमच्या दुकानात कुणी ना कुणी विचारायचंच, "काय वहिनी, आज ऊन पडलंय, ओरेस्टला घराबाहेर सोडलं ना?" चर्चच्या सभागृहात पेरोगी, म्हणजे बटाट्याच्या सारणाच्या करंज्या, लाटणाऱ्या बायकाही ती आत आली की गप्प व्हायच्या.

सर्वांत जास्त लागलं ते वडिलांचं. त्या सामन्याला स्टेफानही आले होते. कित्येक आठवड्यांनी कोठीत बियाणं चाळताना ओरेस्टनंच विचारलं, "तातो, तुम्ही तिथे होतात. तुम्हाला काय वाटलं?"

"मला काही दिसलंच नाही," म्हातारा म्हणाला. "एवढ्या लांबून काय दिसणार? पोरं खेळत होती आणि तू त्यांना घेऊन गेलास, एवढंच दिसलं." चाळणी हलवत ते पुढे म्हणाले, "लोकांनाही तेवढंच दिसलं."

ओरेस्टला टोचत होतं ते हेच. काही झालंच नव्हतं. तो बरोबर होता की घाबरट, हे सांगायला जगात काहीच शिल्लक नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात पेंडरनी पुन्हा बाहेर सामना ठेवला. कप्तान आता ड्युएन होता. मी ओरेस्टला म्हटलं, माझ्या खोलीत ये, शेजारी बस, माइकवर दोन शब्द बोल. तो येईल असं वाटलं नव्हतं, पण आला. उणे तीस होतं. ढगांची कमान नाही, वारा नाही, आभाळ काचेसारखं. कुणाची तक्रार असायला जागाच नव्हती.

दोन सत्रं मी इतकी सुंदर हॉकी बघितली की बोलताना माझा श्वास पुरेना. खेळाडूंच्या डोक्यांवर वाफेचे ढग, गोलीच्या मुखवट्यावर पांढरी साय, आणि लोक कांबळी पांघरून गाणी म्हणताहेत. ओरेस्ट खुर्चीच्या कडेला बसला होता. माइकवर एक शब्द बोलला नाही. मी त्याला कॉफी दिली. ती त्याच्या हातात गार झाली. त्याची नजर पकाबरोबर फिरत नव्हती. ती फळ्यांच्या कडेनं हळूहळू फिरत होती, परत परत, आणि जबडा असा आवळलेला की कानापाशी गाठ आली होती. मला तो शेजारी बसलेला नकोसा झाला. तो कशाची वाट बघत होता ते मला कळत होतं, फक्त स्वतःशी कबूल करवत नव्हतं.

तिसऱ्या सत्रात ड्युएन कोपऱ्यात पकामागे धावला. अति थंडीत बर्फ काचेसारखं होतं, फळीजवळचा एक तुकडा कपचीसारखा उडाला आणि ड्युएनचा डावा स्केट त्या खळग्यात रुतला. पाय तिथेच राहिला, अंग पुढे गेलं. आवाज आमच्यापर्यंत पोचला नाही. आम्हाला फक्त दिसलं की तो उठत नाही, आणि आजूबाजूचे खेळाडू त्याच्याकडे जायच्या ऐवजी मागे सरकताहेत.

गाणी थांबली. स्टँडमागचं यंत्र घरघरत राहिलं, ते मला तेव्हा कुठे ऐकू आलं.

मी वळलो तर खुर्ची रिकामी होती.

हॉस्पिटलात मी दुसऱ्या दिवशी गेलो. ओरेस्ट आधीच तिथे होता, पलंगाशेजारी, अंगावरचा कोटही न काढता. ड्युएनचा पाय गुडघ्यापासून वर लोखंडी चौकटीत होता. गुडघा आतून पार तुटला होता. पुन्हा खेळणं नाही, हे डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं.

"ये लिंडन," ड्युएन म्हणाला. औषधांनी जीभ जड झाली होती. "हा बघ कसा बसलाय, मयताला आल्यासारखा. मघापासून म्हणतोय ह्याला, एकदा म्हणून टाक. 'मी सांगितलं होतं.' म्हण की लेका. तुझा हक्क आहे."

ओरेस्टनं कोटाची बटणं काढली. मग म्हणाला, "मी वाट बघत होतो."

"कशाची?"

"वर बसून. काहीतरी व्हावं म्हणून. कुणाला तरी. म्हणजे लोकांना कळलं असतं." त्यानं मान वर केली. "तुला नाही रे. तुझं नाव मनात नव्हतं. पण कुणाला तरी, हे होतं."

मी दाराशी तसाच उभा राहिलो. ड्युएन छताकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरची थट्टा गेली होती. तो त्याला हाकलून देईल असं मला वाटलं.

"तुझ्या वाट बघण्यानं बर्फ तुटत नाही, बोइची," तो म्हणाला. "पण आज जा तू. परवा ये. आज मला तुझं तोंड बघवत नाही."

ओरेस्ट गेला, आणि परवा आला. त्यानंतर रोज येत राहिला. वसंतात ड्युएनला कुबड्यांवर गाडीत चढवायला, उतरवायला तोच असायचा. ड्युएन आता लंगडतो आणि शाळेतल्या मुलांना बंदिस्त रिंकमध्ये शिकवतो.

गावानं ओरेस्टला तेव्हा बरोबर ठरवलं, असं सांगायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. काही म्हणाले, त्यानं दृष्ट लावली. बाकीचे गप्प बसले. दुकानातली थट्टा तेवढी थांबली, आणि लॉर्ना किराणा इथे घ्यायला लागली.

तिसऱ्या हिवाळ्यातल्या सामन्याची तिकिटं एका दिवसात संपली. त्या सकाळी नव्या कप्तानानं ओरेस्टला फोन करून विचारलं, काय वाटतं म्हणून. ओरेस्ट म्हणाला, "मी तिथे नाहीये, मला काय कळणार? फळीच्या कडेनं हात लावून बघ. आणि हात लावताना वर बघू नकोस." सामना त्यानं बघितला नाही, रेडिओही लावला नाही.

आम्ही एका गोलनं हरलो. सोमवारी मी कोठारावर गेलो तेव्हा तो गव्हाच्या धुळीनं पांढरा होऊन ट्रकखालून बाहेर आला. निकाल त्यानं विचारला नाही.

"सगळे आपल्या पायांनी घरी गेले?" त्यानं विचारलं.

"गेले," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली, पश्चिमेला एकदा बघून घेतलं, आणि पुन्हा ट्रकखाली गेला.