चारकोपातला गहू

आमचे शेजारचे काका राहायचे मुंबईत चारकोपला, पण नांदायचे अमेरिकेत, यात तसूभरही अतिशयोक्ती नाही. विमान त्यांनी फक्त डोक्यावरून जाताना पाहिलेलं. पण तरुणपणी वाचलेली एक जाडजूड अमेरिकन कादंबरी त्यांनी पन्नाशी उलटल्यावर पुन्हा उघडली, ती काही मिटेचना. गव्हाचं अफाट शेत, त्यात एक लाकडी घर, एक हट्टी म्हातारा आणि पहाटे न सांगता घर सोडून जाणारा त्याचा मुलगा, एवढीच गोष्ट. आमच्या सेक्टरच्या टोकाला तेव्हा घरं संपून गवत सुरू व्हायचं, ते थेट खाडीपर्यंत. उन्हं कलली की काका पुस्तक छातीशी धरून गॅलरीत उभे. "बघ रे, गहू कापणीला आला."

"काका, डास आहेत त्यात."

"तिथेही असतात," काका शांतपणे सांगायचे. मिटला वाद!

संध्याकाळी काकी भाजी निवडत बसायच्या आणि काका इंग्रजीत वाचून मालवणीत सांगायचे. त्यामुळे तो अमेरिकन म्हातारा झकास मालवणी शिव्या हासडायचा, आणि त्याची बायको कुळथाची पिठी करायची. हे खरंच पुस्तकात आहे का, असं मी एकदा विचारलं. "मगे शेतात राबणारी माणसां खातली काय?" काकींनीच मला गप्प केलं. पुस्तकातल्या शेताला आग लागली त्या दिवशी तर काका ऑफिसलाच गेले नाहीत. साहेबांना कळवलं, "घरची अडचण."

मुलगा घर सोडतो त्या पानावर काकांनी विशीत पेन्सिलीनं लिहिलं होतं, "शाब्बास रे पठ्ठ्या!" ते स्वतःही असेच वडिलांना न सांगता बोटीत बसून मुंबईला आलेले. पण नेमकं ते पान पुन्हा आलं त्याच आठवड्यात त्यांच्या एकुलत्या एका सुमाला बंगलोरला नोकरी लागली. सुमा पळून जाणारी नव्हे. समोर उभी राहून म्हणाली, "बाबा, जाऊ ना?" बाबांनी पुस्तकात डोकं घातलं.

दुसऱ्या दिवशी बघतो तर काका रबरानं ते 'शाब्बास' खोडतायत. "गाढव आहे तो," मला म्हणाले. "म्हातारा कंदील घेऊन अंगणात उभा राहतो रे! तेव्हाही वाचलं असणारच मी. मग दिसलं कसं नाही?" त्यांचे डोळे भरून आले होते. म्हटलं, वाट लागली, आता सुमा कसली जाते!

चार-आठ दिवस घरात कुणी धड बोलेना. शेवटी काकांनी ते पान काकींना वाचून दाखवलं. काकींनी शेंगा मोडता मोडता ऐकलं आणि म्हणाल्या, "पळान गेलेलो झील खंयच्या तोंडान परत येतलो? सांगान गेलेल्याक दार उघडा आसता."

काका उठून गॅलरीत गेले. वडिलांच्या अंगणात ते स्वतः पुन्हा कधी उभे राहिले नव्हते. मग त्यांनी सुमाला हाक मारली. "जा गो चेडवा," म्हणाले. आणि वर, "शाब्बास."

सुमा गेली. काका वाचत राहिले, काकी निवडत राहिल्या. मी गेलो की हमखास काकींचा एकच प्रश्न कानावर यायचा, "मगे, तो झील परत इलो?"

शेवट काकांना ठाऊक होता. कादंबरी काही ते पहिल्यांदा वाचत नव्हते.

"अजून थंयसर पोचलंय खंय?" काका म्हणायचे, आणि हळूच दोन पानं मागे उलटायचे.