निम्मलकुंट्याच्या कातडी बाहुल्या अन् पडद्यामागचा आवाज

नववीत शाळा सोडली. वर्गात उभं राहून बोलायला सांगितलं की माझा घसाच बंद व्हायचा. आता दिंडोरीला द्राक्षाच्या बागेत कामाला जाते, घरी आले की चित्रं काढते. मोबाईलवर आंध्रातल्या कातडी बाहुल्या बघितल्या अन् ठरवलं, हे शिकायचं. मामा म्हणला, "नेतो. पण विचारायचं तू. मी तोंड उघडनार नाय."

मनमाडहून बेंगळूरची गाडी पकडायची, धर्मवरमला उतरायचं. स्टेशनबाहेर उग्गानी खा, भिजवलेल्या मुरमुऱ्यांची असते, सोबत मिरचीभजी. लय भारी. तिथून निम्मलकुंट्याला, म्हणजे बाहुल्यांच्या गावाला, रिक्षा. भाडं आधी ठरवा.

भर दुपारी गाव सामसूम. एका ओसरीवर एक आजी बकरीच्या कातड्याला छिद्रं पाडत होत्या. कातडं इतकं पातळ, की त्याच्यातून त्यांची बोटं दिसत होती. भिंतीला माणसाएवढ्या बाहुल्या टेकवलेल्या. एका हातभर बाहुलीला डोळाच नव्हता.

"डोळा शेवटी," आजींच्या नातवानं हिंदीत सांगितलं. "डोळा काढला की ती बघायला लागते."

बाकी सगळ्यांना डोळे होते.

मामानं मला कोपर मारलं. घसा बंद. काहीतरी करायचं म्हणून मी खाली पडलेला रावण उचलला अन् बाजूच्या उघड्या पेटीत रामाच्या बाहुलीवर ठेवला.

"नको गं! भांडतील ते!"

आजी ओरडल्या. चक्क मराठीत! मी गारच पडले.

"आजी, तुम्ही मराठी?" मामानं विचारलं.

"घरात हीच बोली. आमचे जुने लोक तिकडून आले म्हणत्यात. कवा, कुणाला ठाव."

राम-रावण एका पेटीत ठेवत नाहीत म्हणे. तेवढ्यात पेटीत सळसळलं. "कातडं वाळलं की होतं असं," नातू म्हणला. पण रावण काढताना त्यानं आधी पेटीला हात जोडले.

मग त्यानं आम्हाला आत नेलं, दार लावलं, धोतराचा पडदा बांधला, मागं बल्ब लावला अन् सीतेची काठी माझ्या हातात दिली. पडद्यामागं मी कुणालाच दिसत नव्हते. दिसत होती फक्त सीता.

"आजी, मला शिकवशील का?"

माझ्याच तोंडून निघालं, पण आवाज म्हातारा होता, जाड. सीतेचा हात वर गेला. मी काठी हलवलीच नव्हती.

"कोण बोललं?" पलीकडून आजी.

"सीता," मी म्हणलं.

"मग सीतेला सांग, दिवाळीनंतर ये. राहायला घर हाय."

निघताना त्यांनी ती बिनडोळ्याची बाहुली मला दिली. गाडीत मामा माझ्याजवळ सरकला. मग हळूच म्हणला, "पोरी, तो आवाज तुझा नव्हता गं."

बाहुली आता आमच्या भिंतीवर हाय. दिवाळीनंतर जाताना बरोबर नेईन, डोळा तिथंच काढीन. आता घरात मी बोलते. पण मी बोलले की आई आधी भिंतीकडं बघते, मग माझ्याकडं.